जुना स्नोबोर्ड संच: काय ठेवायचं, काय बदलायचं

नोव्हेंबर उजाडला की टोरोंटोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात दोन-चार स्नोबोर्ड (बर्फाच्या उतारावरून उभ्याने घसरत जायच्या फळ्या) येऊन पडतात. पुण्या-नाशिकहून शिकायला आलेली मुलं, नव्याने स्थिरावलेली कुटुंबं. कुणाच्या तरी गॅरेजमधून शंभर-दीडशे डॉलरला अख्खा संच उचलतात आणि मग विचारतात, "दादा, हे चालेल ना?"

'अख्खा संच' या शब्दापासूनच घोटाळा सुरू होतो. बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डवर आवळून धरणारी पट्ट्यांची चौकट), बूट आणि हेल्मेट या चार वेगळ्या वस्तू आहेत. प्रत्येकीचं वय वेगळं, बिघडण्याची रीत वेगळी. लोक बोर्डवरचं चित्र पाहून चारही ठेवतात, नाहीतर कडेला गंज दिसला म्हणून चारही टाकून देतात. मी दोन्ही चुका पाहिल्यात, पहिली स्वतः केलीय. म्हणून एकेका वस्तूचा निकाल वेगळा लावा, आणि तोही या क्रमाने: हेल्मेट, बूट, बाइंडिंग, शेवटी बोर्ड. बूट तुमच्या पायावर ठरतो, बाइंडिंग बुटावर आणि बोर्डची रुंदीही बुटावर. उलट्या क्रमाने गेलात तर आवडलेल्या बोर्डसाठी पायाला चुकीच्या बुटात कोंबायची वेळ येते.

टप्पा १: तपासणीआधीची तयारी

संच घरी आणला की एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानात वाळू द्या. ओल्या बोर्डच्या भेगा दिसत नाहीत आणि ओल्या लायनरचं (बुटातल्या मऊ आतल्या बुटाचं) माप कळत नाही. हीटरजवळ मात्र काही ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि लायनरचा आकार बिघडतो.

हाताशी काय हवं: फिलिप्स नंबर ३ चा स्क्रू-ड्रायव्हर, सेंटिमीटरची मोजपट्टी, फूटभर लांबीची सरळ लोखंडी पट्टी, टॉर्च, एखादं नाणं आणि जुनं सुती फडकं. स्क्रू-ड्रायव्हरच्या नंबराबद्दल आग्रह धरतोय त्याला कारण आहे. घरोघरी असतो तो नंबर २. तो बाइंडिंगच्या स्क्रूत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की खाचेची वाट लावतो. मग स्क्रू निघतही नाही आणि घट्टही होत नाही.

आता बाइंडिंग बोर्डवरून पूर्ण काढा. हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात, आणि सर्वांत धोकादायक तडे नेमके बाइंडिंगच्या डिस्कखाली (ती बोर्डला स्क्रूने बसवणाऱ्या मधल्या गोल चकतीखाली) लपलेले असतात.

शेवटी स्वतःची मापं लिहून घ्या. संध्याकाळी, स्नोबोर्डचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा धरा. बुटाच्या जिभेवर किंवा लायनरवर मोंडो माप छापलेलं असतं. ते म्हणजे पायाची लांबीच, सेंटिमीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये. वजनही लिहा. बोर्डची लांबी उंचीवर नव्हे, मुख्यतः वजनावर ठरते.

तपासा: पायाची लांबी, वजन, बोर्ड आणि बाइंडिंगचं मॉडेल व वर्ष हे सगळं एका कागदावर आलं का? मॉडेलचं नाव कळलं की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या आणि हेल्थ कॅनडाच्या संकेतस्थळांवर ते उत्पादन परत मागवलं गेलंय का, हे फुकट पाहता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

टप्पा २: हेल्मेट

इथे विचार करायचा नाही. जुन्या संचातलं हेल्मेट वापरू नका.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा कडक फोम असतो. आदळल्यावर तो चेंगरतो आणि चेंगरतानाच धक्का शोषतो. एकदा दबलेला फोम पुन्हा फुलत नाही, आणि तो दबलाय हे बाहेरच्या गुळगुळीत कवचावरून कळत नाही. विकणारा "कधीच पडलो नाही" म्हणेल, आणि खरंही बोलत असेल. पण गाडीच्या डिकीत कितीदा आपटलं याची आठवण कुणाला असते? नवं घेताना आत एएसटीएम एफ२०४० किंवा ईएन १०७७ अशी सुरक्षा मानकाची खूण पाहा.

इशारा: सायकलचं किंवा भारतातून आणलेलं क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही. त्यांची चाचणी वेगळ्या प्रकारच्या आघातांसाठी झालेली असते. लहान मुलांच्या बाबतीत ही चूक जास्त होते, कारण 'यंदाच वाढेल, पुढच्या वर्षी घेऊ' असा हिशेब असतो.

गॉगल मात्र जुना चालू शकतो. दुहेरी काचेच्या आतल्या पोकळीत धुकं किंवा पाण्याचे डाग असतील तर जोड उघडलाय, टाकून द्या. फोम बोटाने चुरगळत असेल तरी टाका. बाकी ओरखडे सोसण्याजोगे आहेत का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

टप्पा ३: बूट

पैसे कमी असतील तर जास्तीत जास्त पैसे इथे घाला. बोर्ड मध्यम असला तरी शिकता येतं. टाच उचलणाऱ्या बुटात शिकता येत नाही. बुटात टाच वर आली की तुम्ही बोर्ड कलवता आणि बोर्ड अर्ध्या क्षणाने उशिरा ऐकतो. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये.

आधी लायनर बाहेर काढा. आतल्या चपट्या इनसोलवर उभे राहा. बोटं इनसोलच्या बाहेर लोंबत असतील किंवा पुढे बोटभर जागा मोकळी राहत असेल तर माप चुकलंय. मग लायनर परत घालून, बूट पूर्ण आवळून उभे राहा. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. आता कुणाला तरी बुटाची टाच जमिनीवर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही चवड्यांवर उठायचा प्रयत्न करा. आत टाच नखभर हलली तर चालेल. त्याहून जास्त हलली तर लायनर दबून सैल झालाय.

चालण्याच्या बुटासारखा 'थोडा मोठाच बरा' हा विचार इथे सोडून द्या. आपल्याकडे बूट घेताना पुढे अंगठा मावतो का हे पाहायची सवय असते. सर्वांत जास्त चुका याच सवयीने होतात.

मग बाहेरून पाहा. तळवा वरच्या भागापासून सुटतोय का, ते अंगठ्याने रेटून बघा. घोट्याजवळ बूट वाकवा: सुरकुत्या पडणं ठीक, चिरा पडणं नाही. दोन्ही बूट सारखेच कडक आहेत का? एक हाताने सहज वाकतोय आणि दुसरा नाही, असं असेल तर एकाचा कणा मोडलाय. बोआची (लेसऐवजी तार आवळणारी) चकती असेल तर तार पूर्ण आवळून सोडा. तार उसवलेली किंवा चकती घसरणारी असेल तर ती बदलता येते, एवढ्यासाठी बूट टाकू नका.

ठेवायचं कधी: माप बरोबर, कवच शाबूत, फक्त लायनर थोडा सैल. टाचेभोवती लावायच्या फोमच्या पट्ट्या किंवा बरा इनसोल घेऊन एखादा हंगाम निभावतो.
बदलायचं कधी: माप चुकलंय, तळवा सुटलाय किंवा घोट्यात चीर आहे. दोन जाड मोजे हा उपाय नव्हे. त्याने रक्तप्रवाह दाबला जातो आणि पाय उलट जास्त गारठतो.

टप्पा ४: बाइंडिंग

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी जुनी बाइंडिंग न उघडता वापरली. उतरता उतरता मागच्या पायाची बेसप्लेट (बाइंडिंगचा तळ) डिस्कच्या कडेने तुटली, एक पाय सुटला, दुसरा बोर्डला अडकलेलाच राहिला. गुडघा बरा व्हायला दोन महिने गेले. नंतर तुकडा हातात घेऊन पाहिला तर अर्धा तडा जुना होता, आत मळ साचला होता. डिस्क काढून पाहिली असती तर तो दिसला असता.

म्हणून डिस्क काढा आणि बेसप्लेट टॉर्चच्या उजेडात फिरवा. डिस्कच्या गोलाभोवती, टाचेच्या कमानीच्या बोल्टजवळ आणि पट्टे जिथे जोडले जातात तिथे पाहा. प्लॅस्टिक पांढुरकं पडलं असेल तर तिथे ते ताणलं गेलंय, तडा पुढे जायला वेळ लागणार नाही. केसाएवढा तडा दिसला तरी बाइंडिंग बाद. गोंदाने, तारेने जोडू नका.

मग थंडीची परीक्षा. प्लॅस्टिक खोलीत लवचीक असतं आणि उणे दहात काचेसारखं होतं. रात्री थंडी असेल तेव्हा बाइंडिंग बाल्कनीत ठेवा, सकाळी आत न आणता तिथेच पट्टे वाकवा आणि रॅचेट (पट्टा दातांवर आवळणारी कळ) चालवून पाहा. घरात धडधाकट वाटलेले पट्टे सकाळी कटकन तुटलेले मी तीनदा पाहिलेत. डोंगरावर तुटण्यापेक्षा बाल्कनीत तुटलेले बरे. एवढी थंडी नसेल तर फ्रीझरमध्ये फक्त पट्टे ठेवले तरी चालतं.

पट्टे, दात असलेल्या शिड्या, रॅचेट, स्क्रू हे सगळं सुटं मिळतं. बेसप्लेट आणि टाचेची कमान व्यवहारात सुटी मिळत नाही. त्यामुळे निकाल सोपा आहे: सांगाडा शाबूत असेल तर ठेवा आणि सुटे भाग बदला, सांगाड्यात दोष असेल तर नवी घ्या.

तपासा: तुमचा बूट घालून, पट्टे आवळून पाहा. बूट टाचेच्या कमानीत डुगडुगत नाही ना? पट्टा शिडीच्या मध्यावर येतो का, की शेवटच्या दातावर?

इशारा: पट्टे नसलेली, पाय दाबून अडकवायची जुनी बाइंडिंग मिळाली तर सावध. ती तिच्याच जोडीच्या बुटाबरोबर चालते. नव्वदच्या दशकातल्या अशा जोड्यांचे बूट आता सापडत नाहीत. बर्टन कंपनीची २०१७ पासूनची स्टेप ऑन बाइंडिंगदेखील तिच्यासाठीच बनवलेल्या बुटांसोबतच वापरता येते, साध्या बुटासोबत नाही.

टप्पा ५: बोर्ड

आता बोर्ड. आधी वरच्या थरावरचे ओरखडे, टोकांचे टवके मनातून काढून टाका; ते दिसायला वाईट, वापरायला निरुपद्रवी. शोधायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

वाकलाय का, पिळलाय का? बोर्ड सपाट फरशीवर किंवा काचेच्या टेबलावर ठेवा आणि चारही कोपऱ्यांजवळ आळीपाळीने दाबा. खुर्चीचा एक पाय तोकडा असल्यासारखा तिरका डुगडुगला तर तो पिळलाय. याला दुरुस्ती नाही. कॅम्बर प्रकारच्या बोर्डचा मधला भाग जमिनीपासून काही मिलिमीटर वर उचललेला असायला हवा. पूर्ण सपाट झाला असेल तर लाकडाचा ताण गेलाय. पण हे ठरवण्याआधी मॉडेलची माहिती पाहा. रॉकर बोर्ड मुळातच मध्ये टेकलेला आणि टोकांना उचललेला असतो, आणि चांगले रॉकर लोकांनी 'मेलेला' समजून टाकलेले मी पाहिलेत.

थर सुटलेत का? नाण्याने वरून एकसारखं टकटक करत जा. घट्ट भागाचा आवाज खणखणीत, सुटलेल्या भागाचा बद्द येतो, अगदी मडकं वाजवून पाहावं तसं. टोकांना आणि कडांना नीट ऐका. मग बाजूची भिंत अंगठ्याने दाबा. फट उघडझाप करत असेल तर आत पाणी जातंय. टोकाशी बोटभर फट असेल तर ती पूर्ण वाळवून, इपॉक्सी गोंद भरून, एक दिवस क्लॅम्पमध्ये आवळून ठेवली की काम होतं. तीच फट पायांच्या मधल्या भागात असेल किंवा वरचा थर फुगलेला असेल तर सोडून द्या. लाकूड पाणी प्यायलंय.

वरच्या थरावर आडवी, एका कडेकडून दुसरीकडे जाणारी चीर दिसली, विशेषतः बाइंडिंगच्या जागेजवळ, तर पुढचं काही तपासू नका. तो बोर्ड मोडायच्या वाटेवर आहे.

कड कशी आहे? पोलादी कडेवरून सुती फडकं हलकेच फिरवा. धागे अडकतील तिथे खाच आहे. उघडा हात फिरवू नका. वरवरचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नाही. गमी स्टोन नावाचा रबरी दगड दुकानात मिळतो, चार हात मारले की निघतो. कड तुटलेली, आत दबलेली किंवा बेसपासून (बोर्डच्या तळापासून) सुटलेली असेल तर गोष्ट गंभीर. जाडीही पाहा: नव्या बोर्डची कड साधारण २ मिलिमीटर असते. वारंवार घासून ती एक मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर पुढे धार लावायला काही उरलेलं नाही. ऑन्टारिओत याचं महत्त्व फार, कारण ब्लू माउंटनसारख्या आमच्या टेकड्यांवरचा बर्फ बराचसा यंत्राने पाडलेला आणि वितळून पुन्हा गोठलेला असतो. इथे धार नसलेला बोर्ड सरळ घसरत जातो. गुलमर्गच्या मऊ, खोल बर्फात तोच बोर्ड कदाचित छान चालेल.

बेस पाहा. नख अडकेल असे ओरखडे पी-टेक्स या प्लॅस्टिकच्या कांडीने भरतात, घरीही जमतं. बेस कोरडा, पांढरट दिसत असेल तर त्याला फक्त वॅक्स हवंय. पण खाचेतून आतलं लाकूड किंवा काचतंतू दिसत असतील तर पी-टेक्स तिथे धरत नाही; इपॉक्सी किंवा बेस वेल्डिंग लागतं. अशी एक खाच, कडेपासून दूर: दुरुस्त करा. कडेला लागून असेल किंवा तीन-चार असतील तर सोडा. लोखंडी पट्टी बेसवर आडवी ठेवून खालून उजेड कुठून येतो तेही पाहा, म्हणजे बेस सपाट आहे का ते कळतं.

इन्सर्ट शेवटी, पण नक्की. बाइंडिंगचे स्क्रू ज्या धातूच्या भोकांत बसतात त्यांत एम ६ चा (६ मिलिमीटर जाडीचा) स्क्रू हाताने फिरवून पाहा. तो सुरळीत जायला हवा. स्क्रूबरोबर इन्सर्टच फिरत असेल तर तो आतून सुटलाय; बेसवर त्याखाली उंचवटा आला असेल तर बहुधा कुणीतरी लांब स्क्रू ठोकून बसवलाय. भोकांची रचनाही जुळली पाहिजे: ४×४, २×४ (भोकांमधलं अंतर, सेंटिमीटरमध्ये), बर्टनचा एक लांब चॅनल, किंवा फार जुन्या बर्टनवरची तीन भोकांची त्रिकोणी रचना. डिस्क बदलून बहुतेक जोड्या जमतात, त्रिकोणी रचनेसाठी मात्र डिस्क मिळवताना दमछाक होते.

तपासा: बाइंडिंग बसवून, बूट आवळून बोर्ड कडेवर कलता धरा. दोन्ही बाजूंना बूट एक-दोन सेंटिमीटर बाहेर येणं चालतं. त्याहून जास्त आलं तर वळताना बोटं बर्फात रुततात आणि तुम्ही आडवे पडता. पाय २८ सेंटिमीटरच्या पुढचा असेल तर बहुधा रुंद बोर्ड लागेल.

टप्पा ६: हिशेब

चारही निकाल कागदावर आले की दुरुस्तीचा खर्च मांडा. माझा ठोकताळा असा: एखाद्या वस्तूची दुरुस्ती, तशीच चालू स्थितीतली जुनी वस्तू मिळेल त्या किमतीच्या निम्म्यापेक्षा महाग पडत असेल तर करू नका. आणि एका वस्तूचे वाचलेले पैसे दुसरीच्या दोषावर पांघरूण म्हणून वापरू नका.

गेल्या हिवाळ्यात मित्राच्या धाकट्या भावाने १५० डॉलरला संच आणला. बोर्डची कड गंजलेली, बाकी उत्तम: ठेवला. बाइंडिंगचा सांगाडा ठीक, दोन पट्टे थंडीत तुटले: पट्टे बदलले. बूट दीड माप मोठे: बदलले. हेल्मेट: नवं. बूट आणि हेल्मेटला त्याने संचापेक्षा दुप्पट पैसे मोजले आणि सुरुवातीला फार कुरकुरला. पण अख्खा नवा संच घेतला असता तर त्याच्या निदान दुप्पट गेले असते. नवे बूट जड वाटत असतील तर शरद ऋतूत भरणारे जुन्या सामानाचे बाजार गाठा. तिथे हंगामभरच वापरलेले बूट पायात घालून पाहता येतात, ऑनलाइन व्यवहारात ते होत नाही.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण तिथे संच भाड्याने घेतात. भाड्याच्या संचालाही टप्पा ३ आणि ४ लावा: बुटाची टाच, बेसप्लेटचे तडे, पट्टे. दुकानात दहा मिनिटं जातात. काही खटकलं तर दुसरा जोड मागा, संकोच करू नका.

गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या उतारांवर जाणार असाल तर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. तिथे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा शोध घ्यायचं रेडिओ यंत्र) लागतो, आणि तो अनोळखी माणसाकडून जुना घेऊ नका. आतला अँटेना पडझडीत तडकतो, बाहेरून काही कळत नाही. नातेवाइकाचा मिळत असेल तर तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झचा आहे ना आणि बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी पूड साचलेली नाही ना, हे पाहा. मग दुसऱ्या ट्रान्सीव्हरसोबत पाठवणं आणि शोधणं दोन्ही करून बघा. आणि वाटाड्याशिवाय त्या उतारांवर जाऊ नका.

टप्पा ७: पहिला दिवस

स्क्रू बसवताना आधी चारही हाताने अर्धवट फिरवा, मग तिरक्या क्रमाने एकेक आवळा. एकच पूर्ण आवळून पुढच्याकडे गेलात तर डिस्क तिरकी बसते. घरात पडलेला कडक थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) लावू नका. काही प्रकारांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

पहिला दिवस सर्वांत सोप्या उतारावर घालवा, बोर्ड कितीही चांगला वाटला तरी. दोन फेऱ्या झाल्या की थांबा, बोर्ड उलटा न टाकता मांडीवर घ्या आणि आठही स्क्रू पुन्हा आवळा. पहिल्या दोन फेऱ्यांत ते हमखास थोडे सैल होतात. टाच उचलते का, पट्टा घसरतो का, बोटं बधिर होतायत का, हे तिथेच फोनमध्ये टिपून ठेवा. घरी आल्यावर बोर्डच्या कडा पुसा, लायनर बाहेर काढून वाळत घाला, आणि बेसप्लेट पुन्हा एकदा टॉर्चखाली धरा.